युद्धकाळात रुग्णवाहिकेवर स्वयंसेवक: पाळी कशी लावायची, काय आधी आणि काय नंतर

मे २०२५ मध्ये पाकिस्तानशी संघर्ष पेटला, त्या आठवड्यात तालमीतली, मंडळांतली बरीच पोरं रुग्णवाहिकेवर नाव नोंदवायला आली. उत्साह खरा होता. सरावाला उभं केल्यावर मात्र त्याच त्या चुका. जखमी दिसला की धावत सुटायचं, सिलेंडरचं मीटर न बघता गाडी काढायची, सगळ्यांना एकाच दवाखान्यात नेऊन टाकायचं. ७ मेला देशभर नागरी संरक्षणाचा ‘ऑपरेशन अभ्यास’ हा सराव झाला, तेव्हा राज्यातल्या १६ ठिकाणांच्या यादीत सातारा आणि सांगली नव्हती. त्यामुळं भोंगा वाजला तर काय करायचं, हेसुद्धा आपल्याकडं बहुतेकांनी करून बघितलेलं नाही. म्हणून क्रमानं लिहितोय.

एक गोष्ट आधीच पक्की करा. युद्ध सीमेवर असतं, पण आपल्या दोन जिल्ह्यांत ते आधी वेगळ्या वाटेनं येतं: बंद दिवे, डिझेलची रांग, ऑक्सिजनची ओढाताण, आणि अफवा. तुमच्या पाळीत येणारे बहुतेक रुग्ण बाळंतपणाचे, डायलिसिसचे, साप चावलेले आणि अंधारात उसाच्या ट्रॉलीवर आदळलेले असतील. स्फोटातल्या जखमींची तयारी हवीच. पण ती रोजच्या कामाच्या जोडीला. रोजचं काम सोडून नव्हे.

हा लेख वाचून कुणी प्रशिक्षित होत नाही. प्रथमोपचाराचं आणि सीपीआरचं (थांबलेलं हृदय छाती दाबून चालू ठेवण्याचं) हातानं शिकवलेलं प्रशिक्षण झालेलं नसेल, तर स्ट्रेचर उचलणं, नोंद ठेवणं आणि रस्ता दाखवणं एवढंच काम घ्या. तेही कमी नाही.

## टप्पा १: पाळीच्या आदल्या दिवशी

धनुर्वाताची लस गेल्या १० वर्षांत झालेली आहे का ते बघा. हिपॅटायटिस बीच्या तीन मात्रा साधारण सहा महिन्यांत पुऱ्या होतात. युद्ध सुरू झाल्यावर आठवण आली तर उशीर झालेला असतो. निदान पहिली मात्रा आजच घ्या, आणि ती घेतली म्हणून ग्लोव्हजशिवाय रक्ताला हात लावू नका.

कपडे सुती आणि पूर्ण बाह्यांचे. पॉलिस्टरचा टी-शर्ट आगीजवळ अंगाला चिकटतो. बूट बंद आणि जाड तळाचे. चपलेवर आलेल्या माणसाला मी गाडीत घेत नाही. खिशात ओळखपत्र, रक्तगटाची चिठ्ठी, घरच्या एका माणसाचा नंबर कागदावर लिहिलेला. मोबाइल बंद पडला की पाठ असलेले नंबर किती उरतात, हे एकदा स्वतःला विचारून बघा.

घरी सांगून ठेवा की पाळीत असताना फोन उचलला जाणार नाही. घरचे वारंवार फोन करत राहिले की तुमचं अर्धं लक्ष तिकडंच राहतं.

तपासा: काल रात्री पाच-सहा तास झोप झाली का? नसेल तर गाडी चालवू नका, मागं बसा. अंधारातला चालक पेंगला तर आतल्या रुग्णासकट सगळे गेले.

## टप्पा २: गाडी ताब्यात घेताना

सगळ्यात जास्त चुका इथं होतात, आणि त्या दिसतात मात्र दोन तासांनी, रस्त्यावर. आधीच्या पाळीतला माणूस ‘सगळं ओके आहे’ म्हणाला तरी विश्वास ठेवायचा नाही. त्याच्यासमोर तपासायचं. यात अपमान मानणाऱ्याला ही शिस्त अजून कळलेली नाही.

ऑक्सिजन. मंडळाच्या गाड्यांत सहसा बी टाइप सिलेंडर असतो: काळं अंग, पांढरा खांदा. त्याची पाण्याची क्षमता १० लिटर. मीटरवर दाब १५० दिसत असेल तर आत साधारण १५० गुणिले १०, म्हणजे १,५०० लिटर ऑक्सिजन आहे. शेवटचे २० हिशोबात धरायचे नाहीत. उरलेल्या १३० चे झाले १,३०० लिटर. मिनिटाला १० लिटर दिला तर १३० मिनिटं.

आता हाच हिशोब जतवरून मिरजेला येणाऱ्या गाडीला लावा. दिवे झाकलेले, वेग कमी. दोन तास सहज जातात. पूर्ण भरलेला सिलेंडरसुद्धा जेमतेम दहा मिनिटं शिल्लक ठेवतो. वाटेत कुठं अर्धा तास अडकलात तर संपला. मीटर ६० वर असताना ‘अजून बराच आहे’ असं म्हणून निघालेली गाडी ४० मिनिटांत कोरडी होते. म्हणून लांबच्या फेरीला दोन सिलेंडर, आणि दुसऱ्याचं मीटरही डोळ्यांनी बघून.

सिलेंडरसोबत दोन किरकोळ वस्तू हव्यात, त्यांच्यावाचून तो नुसता लोखंडाचा ठोकळा: व्हॉल्व्ह उघडायची चावी आणि रेग्युलेटरचा जादा वॉशर. चावी सिलेंडरच्या गळ्याला दोरीनं बांधा. चालकाच्या खिशात नको, तो चहाला गेला की चावीही जाते. आणि व्हॉल्व्हला तेल, ग्रीस, तेलकट हात कधीही लावू नका. दाबाखालचा ऑक्सिजन तेलाशी गाठ पडली की पेट घेतो.

डिझेल. नेहमीच्या दिवसांत पाव टाकीवर गाडी चालते. युद्धकाळात अर्ध्या टाकीच्या खाली काटा आला की भरायचं, फेरी नसली तरी. पंपावर रांग असेल तर आधी गाडीवरचा सायरन वाजवून घुसायला जाऊ नका. पंपमालकाशी आणि पोलिसांशी आधीच बोलून रुग्णवाहिकेची वेळ ठरवून ठेवा. डिझेलचे कॅन मात्र रुग्ण बसतो त्या भागात ठेवायचे नाहीत. आत ऑक्सिजन आहे.

बाकीचं. स्ट्रेचर रिकामा नको, एकाला वर झोपवून उघडबंद करा. पायांचा लॉक निसटतो तो वजन आल्यावरच. सक्शन (तोंडातलं रक्त, लाळ ओढून काढणारं यंत्र) चालू करून पाणी ओढून बघा. अंबू बॅग (हातानं दाबून श्वास द्यायची पिशवी) दाबून बघा, मोठ्याचा आणि लहानाचा मास्क दोन्ही आहेत का बघा. पट्ट्या, टुर्निके (हातापायाचं रक्त थांबवायला आवळायची पट्टी), कात्री, ग्लोव्हज, घोंगडी किंवा ब्लँकेट, खोल बादली, पिण्याचं पाणी. स्टेपनीची हवा आणि जॅक. बाळंतपणाचा निर्जंतुक संच: युद्ध म्हणून बाळं थांबत नाहीत.

गाडीवरचं चिन्ह. आपल्याकडच्या बऱ्याच गाड्यांवर पांढऱ्यावर लाल क्रॉस रंगवलेला असतो. हे चुकीचं आहे. ते चिन्ह जिनिव्हा कराराखाली संरक्षित आहे आणि भारतात जिनिव्हा कन्व्हेन्शन्स ॲक्ट, १९६० नुसार सरकारच्या परवानगीशिवाय वापरता येत नाही. शांततेत कुणी विचारत नाही, पण युद्धात त्याला नेमका अर्थ असतो आणि वाटेल त्यानं वापरलं तर खऱ्या लष्करी वैद्यकीय पथकांचं संरक्षण पातळ होतं. निळा सहा टोकांचा तारा लावा.

तपासा: वहीत वेळ, किलोमीटर, डिझेल, दोन्ही सिलेंडरचे आकडे, दोघांच्या सह्या. आकडे नसतील तर गाडी ताब्यात घेतली असं मानू नका.

## टप्पा ३: अंधाराची तयारी, उजेड असतानाच

दिवे किती आणि कसे झाकायचे, हे जिल्हा प्रशासन ठरवतं; तुमच्या मनानं नको. १९७१ च्या युद्धात हेडलाइटचा वरचा अर्धा भाग काळा करायची पद्धत होती, ती ऐकून काही जण आजही आधीच रंगाचा डबा घेऊन येतात. आदेश येईपर्यंत जाड काळा कागद मापात कापून तयार ठेवा, लावू नका. साध्या रात्री अर्धे दिवे झाकून महामार्गावर फिरणं हा दुसरा अपघात.

आतल्या दिव्याचं काय करायचं ते फार थोडे जण लक्षात घेतात. मागच्या काचांना काळं कापड लावा. मागचं दार उघडण्याआधी आतला दिवा बंद करायचा, दार लागलं की मगच चालू. हा क्रम चालक आणि मदतनीस दोघांनी दहा-वीस वेळा करून हातात बसवा. घाईत दार उघडलं की उजेडाचा भलामोठा चौकोन रस्त्यावर पडतो.

लाल बॅटरी घेऊन येणारे बरेच भेटतात, कारण लाल उजेडानं डोळ्यांचा अंधाराचा सराव मोडत नाही. ते खरं आहे. डोळ्यांना अंधार सवयीचा व्हायला वीस-तीस मिनिटं लागतात आणि मोबाइलच्या पडद्यावर एक नजर टाकली की ती वाया जातात. पण लाल उजेडात रक्त नीट दिसत नाही. पांढऱ्या कागदावर लाल पेननं लिहिलेलं तर चक्क गायब होतं. लाल पट्टी आणि पांढरी पट्टी सारखीच दिसते. म्हणून चालायला लाल, जखम बघायला हातानं झाकलेली पांढरी बॅटरी, आणि लिहायला काळा मार्कर. आज रात्री घरी दिवे घालवून करून बघा.

रक्त उजेडात दिसत नसेल तर हातानं शोधा. ग्लोव्हज घातलेला हात मानेखाली, पाठीखाली, काखेत, मांडीखाली फिरवा आणि प्रत्येक वेळी बाहेर काढून ग्लोव्हज बघा. काळ्या जॅकेटच्या आतलं रक्त असंच सापडतं.

भोंग्याची खूण: वरखाली होणारा दोन मिनिटांचा आवाज म्हणजे धोका. एकसुरी दोन मिनिटांचा आवाज म्हणजे धोका टळला. रुग्णवाहिकेचा सायरनही वरखालीच होतो, म्हणून अशा काळात गावात शिरताना तो उगाच वाजवायचा नाही. समोर रस्ता अडला असेल तेवढ्यापुरताच.

## टप्पा ४: फोन आला

आधी पत्ता, मग आजार. लोक उलटं करतात: दोन मिनिटं रडणं ऐकतात, मग फोन कटतो आणि कळतं की गाव कुठलं तेच विचारलं नाही.

‘पाटील मळा’ एवढ्यावर निघू नका. वाळवा, पलूस, कराड, कोरेगाव, कुठल्याही तालुक्यात पाटील मळे ढिगानं आहेत. विचारा: गाव, वस्ती, कुठल्या रस्त्यानं, कुठल्या फाट्यावरून आत, जवळ देऊळ, शाळा की डेअरी. शेतात असेल तर विजेच्या खांबावरचा नंबर वाचायला सांगा. महामार्गावर असेल तर किलोमीटरचा दगड आणि गाडी कोणत्या अंगाला, पुण्याच्या की कोल्हापूरच्या. फाट्यावर एक माणूस उभा करायला सांगा. अंधारात त्याच्या अंगावर पांढरा सदरा हवा.

मग तीन प्रश्न: शुद्धीवर आहे का, श्वास कसा आहे, रक्त वाहतंय का. रक्त वाहत असेल तर फोन न ठेवता सांगा, स्वच्छ कापड धरून दाबा आणि उचलून उचलून बघू नका.

साप चावल्याचा फोन असेल तर निघण्याआधी जवळच्या ग्रामीण रुग्णालयात विचारा की सापाच्या विषावरची लस शिल्लक आहे का. पुरवठा विस्कळीत झालेल्या काळात हा एक फोन तासभर वाचवतो. तोवर नातेवाइकांना सांगा: चिरायचं नाही, चोखायचं नाही, आवळून बांधायचं नाही, पाय हलू द्यायचा नाही, साप मारायच्या नादी लागायचं नाही.

### सैनिकांच्या गावात जाताना

ही सूचना मी पुस्तकात कुठं वाचलेली नाही, पण सातारा जिल्ह्यात ती सगळ्यात महत्त्वाची वाटते. अपशिंगेसारखी गावं आहेत, जिथं घरटी माणूस फौजेत आहे. युद्ध सुरू असताना अशा गावात रुग्णवाहिका शिरली की ओट्यावरच्या बायका एकदम उभ्या राहतात. गाडी कुणाच्या दारात थांबते याकडं सगळी गल्ली बघत असते.

म्हणून गावाच्या अलीकडूनच पोलीस पाटलांना किंवा सरपंचांना फोन करा: ‘अमुक वस्तीवर बाळंतपणाचा रुग्ण न्यायला येतोय, दुसरं काही नाही.’ सायरन बंद. चौकात थांबून पत्ता विचारताना आधी कशासाठी आलोय ते सांगा, मग घर विचारा. आणि सीमेवरची कुठलीही बातमी, खरी असो वा मोबाइलवर आलेली, तुमच्या तोंडून त्या गावात जाता कामा नये. ते कळवायची लष्कराची स्वतःची रीत आहे.

## टप्पा ५: रस्त्यावर

ऊस गळीताच्या हंगामात, म्हणजे साधारण दिवाळीपासून मार्चपर्यंत, दोन दोन ट्रॉल्या जोडलेले ट्रॅक्टर आणि बैलगाड्या रात्री रस्त्यावर असतात. मागं रिफ्लेक्टर असेलच असं नाही. दिवे झाकलेली रुग्णवाहिका आणि बिनदिव्याची ट्रॉली, यापेक्षा वाईट जोडी नाही. नियम एकच: जेवढं दिसतं तेवढ्या अंतरात थांबता आलं पाहिजे. खंबाटकी, पसरणी, कुंभार्ली या घाटांत तर पुढं बसलेल्या मदतनिसाचं काम गप्पा मारणं नसून डाव्या कडेला बघत राहणं आहे.

वाटेत धोक्याचा भोंगा झाला तर काय करायचं, हे निघायच्या आधी नियंत्रण कक्षाला विचारून ठेवा. वेगळी सूचना नसेल तर गाडी डावीकडं घ्या, दिवे बंद करा, पेट्रोल पंप, पूल आणि रोहित्र यांच्यापासून लांब थांबा. चौक अडवून नाही. मागून दुसरी गाडी येत असते.

वाटेत दिसलेल्या लष्करी गाड्यांचे, रेल्वेच्या मिरज जंक्शनवरच्या हालचालींचे फोटो काढायचे नाहीत. ‘नुसतं स्टेटसला’ म्हणूनही नाही.

## टप्पा ६: घटनास्थळी पहिली पाच मिनिटं

गाडी परतीच्या दिशेला तोंड करून लावा. चावी गाडीतच, चालक गाडीजवळच. स्फोट झाला असेल तर लांब थांबा आणि पोलीस किंवा अग्निशमन दल सांगेपर्यंत आत जाऊ नका, कारण मदतीला जमलेल्या गर्दीत दुसरा स्फोट होऊ शकतो. न फुटलेली, अनोळखी वस्तू दिसली तर हात नाही, लाथ नाही, जवळून मोबाइल नाही. जागा लक्षात ठेवा, मागं फिरा, सांगा.

आता सगळ्यात अवघड गोष्ट: पहिल्या जखमीपाशी बसायचं नाही. दहा जण पडलेले असताना तुम्ही ओरडणाऱ्याला पट्टी बांधत बसलात, तर गप्प पडलेला मरतो. आधी सगळ्यांवरून एक फेरी, प्रत्येकी अर्धं मिनिट. प्रत्येकाला रंगाची खूण: लाल म्हणजे सगळ्यात आधी न्यायचा, पिवळा म्हणजे थोडा थांबू शकणारा, हिरवा म्हणजे किरकोळ, काळा म्हणजे मेलेला किंवा वाचण्याची आशा नसलेला. क्रम असा:

१. मोठ्यानं म्हणा, ‘ज्याला चालता येतंय त्यानं त्या झाडापाशी जा.’ जे गेले ते हिरवे. एक स्वयंसेवक त्यांच्यापाशी ठेवा, नाहीतर ते मिळेल त्या गाडीनं जवळच्या दवाखान्यात जातात आणि खरा गंभीर रुग्ण पोचायच्या आधीच तिथलं तातडीचं दालन भरून जातं.

२. उरलेल्यांत श्वास बघा. श्वास नसेल तर मान हलकेच मागं करून, हनुवटी उचलून वाट मोकळी करा. तरीही श्वास नाही, तर काळा. लहान मूल असेल आणि नाडी लागत असेल तर पाच श्वास देऊन बघतात, मगच ठरवतात.

३. श्वास मिनिटाला ३० पेक्षा जास्त, तर लाल.

४. मनगटाची नाडी लागत नाही, तर लाल. नखावर दाबून रंग परत यायला दोन सेकंदांहून जास्त लागतात का, ही खूण उजेडात चालते. अंधारात आणि थंडीत ती फसवते, नाडीवरच जा.

५. ‘माझा हात दाब’ म्हटल्यावर दाबत नाही, तर लाल.

६. हे सगळं ठीक, पण चालता येत नाही, तर पिवळा.

या फेरीत दोनच उपचार करायचे: श्वासाची वाट मोकळी करणं आणि भळभळणारं रक्त थांबवणं. बाकी सगळं दुसऱ्या फेरीत.

इशारा: काळ्या खुणेचा माणूस सोडून पुढं जाणं फार जड जातं, विशेषतः तो ओळखीचा असेल तर. नेमकं म्हणूनच खुणा लावणारा आणि उचलणारा वेगवेगळे ठेवा. आणि एकदा लावलेली खूण शेवटची नसते. पिवळा दहा मिनिटांत लाल होतो, परत परत बघा.

## टप्पा ७: दुसरी फेरी

रक्तस्राव. थेट दाब. कापड भिजलं तर त्यावर दुसरं, पहिलं काढायचं नाही. हातापायाचं रक्त दाबूनही थांबत नसेल तर टुर्निके: जखमेच्या वर पाच-सात सेंटिमीटर, सांध्यावर नाही, रक्त थांबेपर्यंत आवळायची. दुखतं, दुखणारच. बांधल्याची वेळ काळ्या मार्करनं कपाळावर लिहा. ‘जरा सैल करून बघू’ हा मोह टाळा, ती दवाखान्यातच सुटते. दोरी, वायर, बुटाची नाडी यांनी मांस कापतं पण रक्त थांबत नाही. काहीच नसेल तर निदान चार सेंटिमीटर रुंद पट्टी आणि पिळायला मजबूत काठी.

रुतलेली वस्तू काढायची नाही. दोन्ही बाजूंनी कापडाच्या गुंडाळ्या लावून ती हलणार नाही असं बांधा. पोटातून आतडं बाहेर आलं असेल तर आत ढकलायचं नाही, स्वच्छ ओल्या कापडानं झाका. असल्या रुग्णाला पाणीही द्यायचं नाही, कितीही मागितलं तरी. ओठ ओले करा.

भाजलेलं वाहत्या साध्या पाण्याखाली २० मिनिटं. बर्फ नाही, टूथपेस्ट नाही, शाई नाही. सांगलीची हळद जगभर जात असली तरी जखमेत आणि भाजल्यावर तिचं काम नाही. दवाखान्यात आधी ती धुवावी लागते आणि ते धुणं रुग्णाला सोसत नाही. अंगाचा मोठा भाग भाजला असेल तर पाण्यानं थंडी भरते, बाकीचं अंग झाकून ठेवा.

ब्लँकेट. वैशाखातसुद्धा. रक्त गेलेल्या माणसाचं अंग गार पडलं की रक्त गोठेनासं होतं. ओले कपडे कापून काढा, खालून आणि वरून झाका. आमच्याकडचे लोक हवा लागू दे म्हणून गर्दी हटवतात, ते बरोबर. पण त्याच झोकात अंगावरचं पांघरूणही काढतात.

स्फोटाजवळ असलेला माणूस वरून धड दिसला तरी हिरव्यांत विसरून जाऊ नका. फुप्फुसाला बसलेला धक्का काही तासांनी दिसतो. खोकला, छातीत दुखणं, धाप लागली की त्याचा रंग बदला. कानाला दडे बसलेले असतील तर तो तुमचं ऐकत नाही म्हणून बेशुद्ध समजू नका, खुणेनं सांगा.

## टप्पा ८: उचलणं आणि नेणं

उचलताना एकानंच मोजायचं, ‘एक, दोन, उचल’. डोक्याशी असलेला माणूस आज्ञा देतो. सपाटीवर पाय पुढं, चढावर आणि जिना चढताना डोकं पुढं, गाडीत डोकं आधी. पट्टे लावल्याशिवाय गाडी हलत नाही. गरोदर बाई असेल तर डाव्या कुशीवर. स्त्री रुग्णासोबत स्त्री स्वयंसेवक, नसेल तर घरची बाई आत घ्या. आणि नातेवाईक एकच.

कुठं न्यायचं हे नियंत्रण कक्षाला विचारून ठरवा. मिरजेत शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाचं रुग्णालय, सांगलीत सिव्हिल, कराडात कृष्णा, साताऱ्यात जिल्हा रुग्णालय: पर्याय आहेत, म्हणूनच सगळे एकीकडं नेण्याचं कारण नाही. एक लाल झोपवून आणि एखादा बसता येणारा पिवळा सोबत, असं भरा. दोन लाल एकाच सिलेंडरवर नेऊ नका. हिरव्यांना एसटीची बस किंवा शाळेची गाडी लांबच्या दवाखान्यात नेऊ शकते.

दवाखान्याला वाटेतूनच फोन: किती जण, कुठला रंग, किती मिनिटांत. पोचल्यावर सांगायचं ते अर्ध्या मिनिटात: वय, काय झालं, कधी झालं, काय जखम दिसली, श्वास-नाडी किती, आपण काय केलं, टुर्निके किती वाजता. हेच कागदावर. कागद रुग्णाबरोबर राहतो, एक प्रत आपल्या वहीत. दागिने, पाकीट, मोबाइल दोन साक्षीदारांसमोर मोजून सही घेऊन द्या. कापलेले कपडे फेकू नका, पोलिसांना लागतात.

पोलीस केसच्या भीतीनं मागं राहणारे अजून आहेत. मोटार वाहन कायद्यात २०१९ च्या दुरुस्तीनं कलम १३४-अ आलं. रस्ते अपघातात निरपेक्ष मदत करणाऱ्याला त्यानं संरक्षण दिलं आहे. मंडळाच्या भिंतीवर हे लावून ठेवा.

नावं व्हॉट्सॲपवर टाकायची नाहीत. रुग्णालयाबाहेर ‘आत कोण आहे’ म्हणून विचारणाऱ्याला नियंत्रण कक्षाचा नंबर द्या, माहिती नको.

## टप्पा ९: मोकळे दिवस

दहा रात्री काही घडत नाही आणि स्वयंसेवक पत्ते खेळायला लागतात. याच दिवसांत करायचं ते काम: डायलिसिसच्या रुग्णांची यादी. कोण, कुठल्या वारी, कुठल्या केंद्रात, घरची गाडी आहे का. रस्ते बंद झाले, पेट्रोल मिळेना झालं की या माणसांना फार दिवस थांबता येत नाही. तशीच नववा महिना लागलेल्या बायकांची यादी आशाताईंकडून घ्या, आणि घरी ऑक्सिजन मशीन असलेल्यांची. वीज गेली की त्यांचा फोन येणारच आहे. १०८ ची गाडी गुंतलेली असेल तेव्हा या याद्या तुमच्या हातात हव्यात.

अफवांचा बंदोबस्तही इथंच. ‘अमुक ठिकाणी पन्नास जखमी’ असा निरोप आला की तो नियंत्रण कक्षाकडून पक्का झाल्याशिवाय गाडी हलवायची नाही. २०१९ च्या महापुरात सांगलीत ज्यांनी काम केलं त्यांना विचारा, खोट्या निरोपांवर किती वेळ जातो.

## टप्पा १०: गाडी परत लावताना

दमून आलेलं असता, म्हणून हाच भाग गाळला जातो. आधी ग्लोव्हज घालून रक्त शोषक कागदानं टिपा, मग १ टक्का हायपोक्लोराइट ओतून दहा मिनिटं ठेवा, मग पुसा. बाजारात ५ टक्क्यांचं मिळत असेल तर एक भाग ते आणि चार भाग पाणी. दारं उघडी ठेवा, वास डोक्यात जातो. नुसत्या पाण्यानं पाइप मारून धुणं म्हणजे रक्त सगळ्या फटींत पसरवणं. स्ट्रेचरचे पट्टे आणि बकल विसरू नका. तिथं हात सगळ्यात जास्त लागतात. रक्ताचा कचरा पिवळ्या पिशवीत, सुया पांढऱ्या न फुटणाऱ्या डब्यात, आणि ते दवाखान्याकडं, घंटागाडीत नाही.

मग वापरलं ते भरा. संपलेला सिलेंडर भरलेल्यांच्या रांगेत ठेवू नका, त्यावर खडूनं मोठा फुल्लीचा काट मारा आणि वेगळ्या भिंतीला लावा.

जेवा. पोटात काही नसताना घरी मोटारसायकल मारत जाऊ नका, १२ तासांच्या पाळीनंतर तर नाहीच. रात्री झोप लागत नसेल, तेच तेच दिसत असेल, तर दुसऱ्या दिवशी पाळीप्रमुखाला सरळ सांगा आणि आठवडाभर यादीच्या कामावर बसा. चार आठवडे तसंच राहिलं तर डॉक्टरांकडं. सगळ्यांसमोर त्या प्रसंगाचं वर्णन करायला लावणारी बैठक मात्र घेऊ नका. काहींचं त्यानं बिघडतं.

शेवटी वही उघडा आणि पुढच्या पाळीसाठी तीन ओळी लिहा: काय संपलं, काय बिघडलं, कुठला रस्ता बंद आहे. सिलेंडरचे आकडे, डिझेल, वेळ, सही. पुढचा माणूस आल्याशिवाय किल्ली खिळ्याला अडकवून निघायचं नाही. त्याच्या हातात द्यायची, आणि त्यानं तुमच्यासमोर सगळं परत तपासलं तर उभं राहून बघायचं.